कल्याण अधिकारी कोणाचा माणूस?

समाजकार्य महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत एका ठरावीक साच्याचे प्रबंध ढिगाने सापडतात. 'अमुक कंपनीतील कल्याणकारी सुविधांबाबत कामगारांच्या समाधानाचा अभ्यास.' नमुना पन्नास किंवा शंभर कामगारांचा. प्रश्न पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, कॅन्टीन, प्रथमोपचार पेटी आणि विश्रांतीकक्षाबद्दल. उत्तराला पाच पर्याय, 'पूर्ण समाधानी'पासून 'पूर्ण असमाधानी'पर्यंत. निष्कर्ष असा की बहुसंख्य कामगार समाधानी आहेत, कॅन्टीनच्या जेवणाचा दर्जा तेवढा सुधारावा. शिफारशींत योगशिबिर. आणि शेवटी परिशिष्टात, कंपनीच्या शिक्क्यासह, परवानगीपत्र.

खरी गोम त्या परवानगीपत्रात आहे. एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, विद्यार्थ्याला फील्डवर्कसाठी कंपनी हवी असते, पुढे सलग प्रत्यक्ष कामाची 'ब्लॉक प्लेसमेंट' हवी असते आणि जमलंच तर नोकरीही तिथेच हवी असते. त्यामुळे प्रश्नावली एचआरच्या टेबलावरून पास होऊन येते. अशी एक प्रश्नावली भरून घेताना मी पाहिली आहे. जेवणाची सुट्टी, कॅन्टीनमधलं कोपऱ्यातलं टेबल, मागे सुपरवायझर उभा. दुसऱ्या पानावर एका हेल्परने पेन थांबवलं आणि विचारलं, "सर, बाकीचं कुठं टिक करू?" विद्यार्थी काही बोलण्याआधी सुपरवायझरने वाकून एका रकान्यावर बोट ठेवलं. हेल्परने उरलेलं पान त्याच रकान्यात उभं भरून टाकलं. टक्केवारी काढताना त्या पानाची किंमत इतर पानांएवढीच धरली गेली असणार.

विद्यार्थ्यांची थट्टा करायचा माझा हेतू नाही. त्यांना हेच शिकवलं जातं, आणि मार्गदर्शकांनाही पुढच्या वर्षी त्याच कंपनीत विद्यार्थी पाठवायचे असतात. माझा आक्षेप दुसराच आहे. कामाच्या ठिकाणच्या कल्याणाविषयी आपल्याकडे जे संशोधन होतं ते नळ, पंखे आणि पोळ्या मोजतं. हे सगळं ज्याच्या जबाबदारीवर कायद्याने सोपवलं आहे तो कामगार कल्याण अधिकारी दिवसभर काय करतो, कोणाला उत्तरदायी असतो, कोणाच्या विरोधात तोंड उघडू शकतो, हे क्वचितच कोणी तपासतं. हा माणूस कोणाचा, हे आधी ठरल्याशिवाय बाकीच्या मोजमापाला फारसा अर्थ नाही, आणि माझ्या मते तो मालकाच्या पगारावर असता कामा नये.

हे पद आलं कसं, ते पाहण्यासारखं आहे. मुंबईच्या गिरण्यांत भरती जॉबरच्या, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या, हातात होती. कामावर घ्यायचं त्याने, काढायचं त्याने, बदली कामगाराला आज काम द्यायचं की परत पाठवायचं तेही त्यानेच. त्यासाठी दस्तुरी, म्हणजे लाच, चाले. १९२९ साली नेमलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने, म्हणजे व्हिटली आयोगाने, १९३१च्या अहवालात या जॉबरशाहीवर उपाय म्हणून लेबर ऑफिसर नेमण्याची शिफारस केली. हा अधिकारी खात्याच्या कोणा साहेबाच्या हाताखाली नको, थेट जनरल मॅनेजरला उत्तरदायी असावा, असंही आयोगाने सांगितलं. म्हणजे हे पद कामगाराच्या सुखसोयींपेक्षा त्याच्यावरच्या मनमानीला आवर घालण्यासाठी जन्माला आलं. सुखसोयींची मागणी तर कामगारांनी त्याच्या किती तरी आधी स्वतःच केली होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. त्यांतून पुढे आलेल्या मागण्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, पगार वेळेवर हवा होता आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन हवं होतं. रविवारची सुट्टी १८९० साली पदरात पडली. त्या वेळी ना कल्याण अधिकारी होता, ना समाधानाची प्रश्नावली.

१९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम ४९ने हे पद सक्तीचं केलं. पाचशे किंवा त्याहून अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी हवाच, अशी अट घातली. त्याची कर्तव्यं, पात्रता आणि सेवाशर्ती राज्यांनी ठरवायच्या. महाराष्ट्राचे नियम १९६६चे आहेत. अनेक राज्यांच्या नियमांत एक तरतूद ठळकपणे येते: कामगाराविरुद्धची शिस्तभंगाची प्रकरणं या अधिकाऱ्याने हाताळायची नाहीत आणि समेट अधिकारी किंवा न्यायालयापुढे व्यवस्थापनाची बाजू घेऊन कामगाराविरुद्ध उभं राहायचं नाही. नियम लिहिणाऱ्यांना धोका कुठून आहे ते नेमकं ठाऊक होतं.

या पेशाच्या स्वातंत्र्याची कायदेशीर कहाणी एका मराठी न्यायमूर्तींभोवती फिरते, आणि ती आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. पंजाबात एका सिमेंट कंपनीने आपल्या कल्याण अधिकाऱ्याची सेवा संपवली. तिथल्या १९५२च्या नियमांनुसार त्याला राज्य सरकारकडे अपील करता येत होतं, आणि त्याने ते केलं. असं अपील ऐकताना सरकार न्यायाधिकरण ठरतं का, हा प्रश्न १९६५ साली सर्वोच्च न्यायालयात आला. सरन्यायाधीश होते साताऱ्यात जन्मलेले प्र. बा. गजेंद्रगडकर. न्यायालय म्हणालं, ठरतं. म्हणजे या अधिकाऱ्याला घरी पाठवायचं तर मालकाचा शब्द अखेरचा नव्हता. पुढे हेच गजेंद्रगडकर पहिल्या राष्ट्रीय श्रम आयोगाचे अध्यक्ष झाले. त्या आयोगाच्या १९६९च्या अहवालाने मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवला. कल्याण अधिकारी परिणामकारक व्हायचा तर तो प्रशासनाचाच भाग हवा, असं म्हटलं, आणि त्याच दमात व्यवस्थापनाच्या वतीने तंटे हाताळायला त्याला लावू नये, असंही म्हटलं. पगार, बढती, वार्षिक गोपनीय अहवाल सगळं व्यवस्थापनाच्या हातात, आणि तरी माणूस निःपक्ष. कागदावर हे जमतं.

प्रत्यक्षात काय झालं ते कुठल्याही एमआयडीसीत जाऊन बघावं. व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर, एचआर, आयआर अँड वेल्फेअर' असं एका ओळीत असतं (आयआर म्हणजे औद्योगिक संबंध). सकाळी तोच माणूस चार्जशीटचा मसुदा तपासतो, दुपारी ठेकेदाराची बिलं पास करतो, संध्याकाळी ईएसआयच्या दवाखान्यात जाऊन बोट तुटलेल्या कामगाराची विचारपूस करतो. त्याची विचारपूस खोटी असते असं मी म्हणत नाही. रात्रपाळीला अपघात झाला की स्वतःची गाडी काढून धावणारे, मयताच्या घरी पीएफचे कागद घेऊन दहा-दहा खेपा घालणारे अधिकारी मला माहीत आहेत. पण तो कामगार बिछान्यावरून जे सांगेल, म्हणजे संरक्षक झाकण (गार्ड) काढून मशीन चालवायला कोणी सांगितलं होतं ते, त्याचं या अधिकाऱ्याने काय करायचं? ते नोंदवलं तर ते त्याच्याच साहेबाविरुद्ध जातं. नाही नोंदवलं तर उद्याच्या चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे ठरलेलं वाक्य येतं. कामगारालाही हे कळतं, म्हणून तो फक्त 'बरं आहे साहेब' म्हणतो.

१९४८च्या कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ठेकेदारामार्फत घेतलेला माणूसही कारखान्याचा 'कामगार' ठरला. म्हणजे कल्याण अधिकारी त्याचाही. तरी बऱ्याच कारखान्यांत कायम कामगारांचा गणवेश एका रंगाचा आणि कंत्राटींचा दुसऱ्या, आणि 'वेल्फेअर'ची नजर पहिल्या रंगावरच ठरते. गेटच्या बाहेर तर विचारायलाच नको. पाचशेवर कामगार असलेल्या साखर कारखान्यात कल्याण अधिकारी असतो, पण त्या कारखान्याला ऊस तोडून देणारं बीडकडचं जोडपं त्याच्या कक्षेत येत नाही. ते मुकादमाचं माणूस. नवरा-बायको मिळून एक कोयता, हंगामाआधी घेतलेली उचल, आणि एखादा खाडा पडला की दंड. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांची पाहणी केली. ८२ हजारांवर महिलांमध्ये १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. पाळी, बाळंतपण, आजारपण यांसाठी सुट्टी घेणं परवडत नाही अशा ठिकाणी कल्याण या विषयाचं संशोधन करायचं तर ते इथे करायला हवं. व्हिटली आयोगाने ज्या मध्यस्थाला गिरणीच्या दारात रोखायला सांगितलं, तो नव्वद वर्षांनंतर उसाच्या फडात धनी होऊन बसला होता.

दुसऱ्या टोकाला काचेच्या इमारती. तिथे कारखाने कायदा नाही. महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा पाळणाघर मागतो, शंभर कामगारांना कॅन्टीन मागतो, कल्याण अधिकारी मागत नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यातल्या एका बड्या लेखा-सल्लागार कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्या तरुण सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाबद्दल तिच्या आईने कंपनीला लिहिलेलं पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचलं गेलं. मग कामगार खात्याचे अधिकारी त्या कार्यालयात गेले, तेव्हा २००७पासून चाललेल्या त्या कार्यालयाची या कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं समोर आलं. कामाचे तास कोण मोजणार, हा पुढचा प्रश्न. तिथे कोणी मोजायला गेलंच नव्हतं.

अशा कार्यालयांत कल्याण अधिकाऱ्याच्या जागी ॲप आलं आहे. ध्यानधारणेचं ॲप, चोवीस तास समुपदेशनाचा फोन, शुक्रवारी 'रेझिलियन्स'ची कार्यशाळा. यांचा उपयोग होतो का, यावर परदेशात चांगलं संशोधन झालं आहे आणि ते आपल्या एचआरवाल्यांनी भिंतीवर लावावं असं आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने २०१६ साली आपल्याच कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग केला. सुमारे पाच हजार जणांमधून चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही निवडले आणि त्यांनाच आरोग्य-कल्याणाच्या कार्यक्रमात प्रवेश दिला. नंतर दोन्ही गटांची तुलना केली. वैद्यकीय खर्चात, आरोग्याच्या सवयींत, कामाच्या उरकात लक्षात घेण्याजोगा फरक पडला नव्हता. खरी गंमत पुढे आहे. त्याच संशोधकांनी मग कंपन्या करतात तशी तुलना करून पाहिली, म्हणजे कार्यक्रमाला आलेले विरुद्ध न आलेले. लगेच भरघोस फायदा दिसू लागला! कारण साधं होतं: येणारे मुळातच धडधाकट होते, व्यायामशाळेत जाणारे होते. आपल्या कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत 'कार्यक्रमात सहभागी झालेल्यांची रजा कमी झाली' असं वाचलं की मला हा प्रयोग आठवतो.

ऑक्सफर्डच्या विल्यम फ्लेमिंग यांनी २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या २३३ संस्थांतल्या ४६ हजारांवर कर्मचाऱ्यांची माहिती तपासली. ॲप, ताण-व्यवस्थापनाचे वर्ग, झोपेच्या सूचना अशा, एकेकट्या माणसाला सुधारायला निघालेल्या उपायांत भाग घेणारे लोक भाग न घेणाऱ्यांपेक्षा सुखी आढळले नाहीत. कामाचा बोजा, वेळापत्रक आणि वरिष्ठाचं वागणं तसंच ठेवून माणसालाच श्वास मोजायला लावलं तर दुसरं काय होणार? हा अभ्यास एका वेळच्या पाहणीवर उभा आहे, चिठ्ठ्यांच्या प्रयोगाएवढा पक्का नाही, हे खरं. पण दोन्हींचा रोख एकाच दिशेला जातो.

आपल्या देशातही चांगलं काम झालं आहे. अच्युत अध्वर्यू, अनंत न्यषधम् आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी बेंगळुरूकडच्या कपड्यांच्या कारखान्यांत अनेक अभ्यास केले. कारखान्यांनी शिलाई यंत्रांवरचे जुने दिवे बदलून एलईडी लावले, त्याचा परिणाम त्यांनी तपासला. विजेचं बिल कमी करायचा हेतू होता, पण उष्णता घटली आणि उन्हाच्या दिवसांत कामाचा उरक वाढला. दुसऱ्या एका अभ्यासात पगारवाढ अपेक्षेपेक्षा कमी झाल्यावर काही कामगारांना, चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून, नाव न लिहिता आपलं म्हणणं मांडायची संधी दिली. ज्यांना ती मिळाली त्यांच्यात काम सोडून जाण्याचं प्रमाण आणि खाडे कमी झाले, सर्वांत जास्त निराश झालेल्यांमध्ये तर विशेष. या निष्कर्षाने मला आनंद होतो आणि भीतीही वाटते. आनंद यासाठी की माणसाला पंख्यापेक्षा आधी कोणी तरी ऐकून घेणारं हवं असतं, हे इथे मोजून दिसलं. भीती यासाठी की एखादा हुशार व्यवस्थापक यातून एवढंच उचलेल: पगार वाढवायला नको, फॉर्म वाटा. ऐकून घेणाऱ्याच्या हातात काही करायची ताकद नसेल तर तो फॉर्म दुसऱ्या वर्षी कोणी भरणार नाही. पण तो दुसऱ्या वर्षाचा अभ्यास करायला कंपनीच्या आत कोण जाणार?

म्हणून पैशाचा प्रश्न. कल्याणाचा पैसा मालकाच्या खिशातून थेट न येता वेगळ्या निधीतून यावा, ही कल्पना नवी नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खातं सांभाळत होते. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणींत उतरले आणि १९४४च्या जानेवारीत कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. कोळशावर उपकर, त्यातून निधी, आणि सल्ला देणाऱ्या समितीत मालक आणि कामगार दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी. त्या वळणाचे निधी पुढे विडी कामगारांसाठीही झाले. जीएसटी आला तेव्हा, २०१७ मध्ये, विडीवरचा हा उपकर रद्द झाला आणि सोलापूरच्या विडी कामगार बायकांचं कल्याण सरकारी अंदाजपत्रकाच्या मर्जीवर गेलं. माथाडींचा १९६९चा कायदाही याच धर्तीचा. मालकांकडून लेव्ही घ्यायची आणि मंडळाने पगार, पीएफ, औषधपाणी पाहायचं. या मंडळांचे दोष मला ठाऊक आहेत. तरी हमालाला मुकादमापलीकडे दार ठोठवायला एक जागा मिळाली, हे नाकारता येणार नाही.

महाराष्ट्रात असा निधी आजही आहे. १९५३च्या कायद्याने आलेला कामगार कल्याण निधी. दर जून आणि डिसेंबरमध्ये पगारपत्रकात एक बारीक कपात दिसते. २०२४च्या दुरुस्तीनंतर ती कामगाराची २५ रुपये आणि मालकाची ७५ रुपये आहे. माणशी वर्षाला २०० रुपये. हा पैसा कामगार कल्याण मंडळाकडे जातो आणि त्यातून कल्याण केंद्रं, शिलाईचे वर्ग, शिष्यवृत्त्या, वाचनालयं, कामगार नाट्यस्पर्धा चालतात. नाट्यस्पर्धेला नाकं मुरडणाऱ्यांतला मी नाही. पाळी संपवून तालमीला जाणाऱ्या कामगाराला रंगमंच याच मंडळाने दिला. पण वीस हजार नोंदीत कामगारांच्या एखाद्या औद्योगिक वसाहतीतून वर्षाला ४० लाख रुपये जमतात. त्यातला निम्मा भाग त्याच वसाहतीत ठेवला तर तीन अधिकारी आणि एक छोटं कार्यालय चालू शकतं. हे अधिकारी एका कंपनीचे नसतील. ठरलेल्या वारी ठरलेल्या कारखान्यात बसतील, गणवेशाचा रंग न पाहता सगळ्यांचं ऐकतील, आणि नोंदवही त्यांच्याकडे राहील. अधिकाऱ्याची अट गाठणाऱ्या मोठ्या कारखान्यापेक्षा याचा खरा उपयोग चाळीस-पन्नास माणसांच्या प्रेसशॉपला, म्हणजे पत्रा दाबून सुटे भाग बनवणाऱ्या शेडला, होईल, जिथे बोटं जास्त जातात आणि अधिकारी मात्र कधीच नसतो.

वेळही हीच आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने कल्याण अधिकाऱ्याची अट पाचशेवरून अडीचशेवर आणली, हे चांगलं. पण 'कारखाना' ठरण्याचीच मर्यादा वीज वापरणाऱ्यांसाठी दहावरून वीस केली, म्हणजे छोटी शेड बाहेर गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतले रोजचे तास नऊवरून बारापर्यंत वाढवू देण्याला मंजुरी दिली. संमतीने, ओव्हरटाइम देऊन. बाराव्या तासाची संमती खरी की खोटी, हे एचआरच्या फाइलीतून कधीच कळणार नाही.

उद्योजक म्हणतील, हा नव्या नावाने इन्स्पेक्टरच आला. हरकतीत तथ्य आहे, म्हणून या अधिकाऱ्याला खटला भरायचा अधिकार देऊ नये. नोंद, पाठपुरावा आणि दर वर्षी जाहीर होणारा अहवाल एवढंच त्याचं काम असावं. किती तक्रारी आल्या, किती दिवसांत सुटल्या, त्यातल्या कंत्राटींच्या किती, तक्रार केलेल्यांपैकी सहा महिन्यांनी कामावर किती उरले. हा शेवटचा आकडा मिळाला तर परळच्या लोखंडे श्रम संस्थेपासून गावोगावच्या समाजकार्य महाविद्यालयांपर्यंत सगळ्यांना खरा अभ्यास करायला काही तरी हाती लागेल. युनियनवाल्यांची हरकत मला जास्त गंभीर वाटते. ते म्हणतात, कामगाराची बाजू मांडणं हे आमचं काम, सरकारी पगारी माणूस आमची जागा घेईल. जिथे युनियन आहे तिथे हे बरोबर आहे, आणि तिथे या अधिकाऱ्याने युनियनच्या प्रतिनिधीला बरोबर घेऊनच बसावं. पण चाकण, रांजणगाव, वाळूजच्या ज्या शेडमध्ये युनियनचा बोर्ड लावायची सोय नाही, अकरा महिन्यांनी माणूस बदलतो आणि ठेकेदार तिसऱ्यांदा नाव बदलून आलेला असतो, तिथल्या मुलाने आज कोणाकडे जायचं?